मरण आणि आमचा मेमो
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



सणाच्या मंडपात मरणाचा विषय घेतला म्हणून काही वहिनींनी नाक मुरडलेले मला इथून दिसते आहे. मी साहित्यातला नव्हे, डिप्लोमावाला. पण रुळांवर मरण आम्हाला वारंवार भेटते आणि त्याचा मेमो लिहावा लागतो. किलोमीटर, अप की डाउन, वेळ. चार ओळी, खाली सही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमचा एक की-मन ड्यूटीवर गाडीखाली गेला. वर्षानुवर्षे तोच पट्टा रोज पायी तपासणारा माणूस. मेमो मीच लिहिला, सगळे बिनचूक. पण तो तंबाखू मळताना भजन गुणगुणायचा. त्या सकाळीच त्याने दोन दिवसांची रजा मागितली होती आणि मी "उद्या बघू" म्हटले होते. हे कोणत्या रकान्यात लिहायचे? रात्री डायरीत दोन पाने लिहिली. आयुष्यात पहिल्यांदाच.

तेव्हापासून नामदेवांचे समाधीचे अभंग मला वेगळे वाटू लागले. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, घटना एवढीच. नामदेव मात्र भावंडांचा शोक, संतांची घालमेल, सारे सांगत राहतात. माणूस जातो, त्याचे तपशील आपल्यापाशी राहतात. ते कुठेतरी उतरवल्याशिवाय चैन पडत नसावे.

भा. रा. तांब्यांची तऱ्हा निराळी. आपल्या बीना-गुना मार्गावरचे मुंगावली स्टेशन सर्वांना ठाऊक आहे. तांबे १८७३ साली त्याच गावी जन्मले, हे किती जणांना ठाऊक? देवास, इंदूर, ग्वाल्हेर असे आयुष्य आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर गेले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरलाच ते वारले. लताबाईंच्या आवाजातली त्यांची गाणी आपण ऐकतो. एकात मरणाला सामोरा जाणारा जीव सासरी निघालेल्या नवरीसारखा संकोचतो, दुसऱ्यात जग आपल्याला किती लवकर विसरेल याचा रोखठोक हिशेब आहे. एकाच कवीची ही दोन तोंडे! मरण पाहून परत आलेला कुणी नाही, त्यामुळे कवीला रान मोकळे. (आमच्या खात्यात हे चालत नाही, तिथे तपासल्याशिवाय सही नाही.)

त्या की-मनचा मुलगा आता आमच्याच गँगमध्ये आहे. मध्यंतरी त्याने विचारले, "साहेब, बाबा शेवटच्या दिवशी काही बोलले होते का?"

मी ती दोन पाने त्याच्या हाती दिली. रजेचे त्यात लिहिलेले आहे.