ओरडणारा ‘क्राय’, पाझरणारा ‘वीप’

इंग्रजीतले ‘क्राय’ आणि ‘वीप’ हे दोन्ही शब्द रडण्याचेच. पण पहिल्याचा भर आवाजावर, तर दुसऱ्याचा ओघळण्यावर. ‘क्राय’ जुन्या फ्रेंचमधून आला, तो ओरडणे या अर्थाने. म्हणून फेरीवाल्याची आरोळी आणि रणगर्जनाही ‘क्राय’च. उलट, पाझरणारी जखम ‘वीप’ करते आणि संरक्षक भिंतीतून पाण्याचा निचरा करणाऱ्या भोकांना ‘वीप होल’ म्हणतात. कोणी म्हणेल, ‘वीप’चे जुने जर्मनिक नातलग तर आक्रोशच दाखवतात. खरे आहे, पण शब्दाचा आजचा अर्थ वापरच ठरवतो. निःशब्द अश्रू ढाळणे ‘वीप’मध्ये सहज बसते, तान्ह्या बाळाचे रडणे मात्र ‘क्राय’च. तेव्हा रोजच्या बोलण्यात ‘क्राय’ वापरा. ‘वीप’ गंभीर प्रसंगासाठी राखून ठेवा.