चोरीचे कारण आणि चोराची जात



केंदूरसारख्या गावी एखाद्या वस्तीवर रात्री चोरी झाली, की पोलीस येण्यापूर्वीच पारावर निकाल लागतो : पारध्यांचे काम! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र तेच छापते. आरोपी इतर कोणी असला तर बहुधा नुसते नाव येते. पारधी असला की जात मथळ्यातच.

हे ज्ञान आपल्याला दिले कोणी? इंग्रज सरकारने. 1871 पासूनच्या कायद्यांनी त्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. गंमत अशी, की सोलापुरात अशाच लोकांना तारेच्या कुंपणात, हजेरी घेत ठेवले आणि गिरण्यांत राबविले. जन्मजात चोर साचा मात्र नीट चालवीत होता! 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशातून गेला. पारावरचा राहिला. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे नुकसान खरेच. ते आम्ही नाकारीत नाही. पण ज्याला जमीन नाही, हाती दाखला नाही, जात कळताच कोणी कामावर घेत नाही, त्याची चौकशी जातीपाशीच संपते.

उलट, मालकाने मजुरीतून कापलेला भविष्यनिर्वाह निधी भरलाच नाही, तर कायद्याच्या लेखी तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. छापून येते ‘थकबाकी’. त्याची जात कोणी शोधीत नाही, शोधूही नये. बाजारातील मंदी, बँकेचा तगादा, ही त्याची कारणे मात्र आपण किती समजूतदारपणे ऐकून घेतो!