पडद्यावरचा मुंज्या आणि घरातला विवेक

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, अशी अपेक्षा असते. तो या स्मरणिकेत अन्यत्र विस्ताराने आलेला आहे. म्हणून आज मी वरकरणी हलक्या वाटणाऱ्या एका विषयाकडे वळते. पालकसभेत अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : "बाई, मुले सारखी भुताखेतांचे आणि परग्रहावरचे चित्रपट, मालिका पाहतात. हे बंद करावे का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर बोलते.

२०२४ च्या जूनमध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट आला. दिल्लीतल्या मुलांनी तो मनापासून पाहिला. सुट्टीनंतर मी वर्गात विचारले, "मुंज्या म्हणजे कोण?" उत्तर आले, "संगणकावर बनवलेले ते छोटे भूत." मुंज झालेला, पण सोडमुंज होण्यापूर्वीच वारलेला मुलगा पिंपळावर वास करतो, अशी आपली जुनी समजूत. 'मुंज्या' या शब्दात 'मुंज' दडलेली आहे, हे एकाही मुलाच्या ध्यानात आले नव्हते. मला चिंता वाटली ती याची. भूत घरात शिरले होते, पण त्याचे नाव ज्या भाषेतून आले, ती भाषा मात्र दाराबाहेरच थांबली होती.

वास्तविक पडद्यावरचे अद्भुत ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित केला. त्याआधी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवतानाचा एक लघुपट तयार केला होता. कित्येक दिवसांची वाढ प्रेक्षकांना काही क्षणांत दिसली. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी फाळके आधी त्या चिमुरडीचे हावभाव दाखवतात आणि मग तिचेच कृष्णात रूपांतर करतात. ही माझी मुलगी आहे, आता ती कृष्ण होणार आहे, हे प्रेक्षकाला सांगूनच ते अद्भुताला हात घालतात. प्रामाणिक अद्भुत असेच असते. ते आपण गोष्ट असल्याचे लपवीत नाही.

हीच परंपरा आमच्या कपाटांतल्या पुस्तकांतही होती. नारायण धारपांच्या कथा रात्री पांघरुणात वाचून ज्यांची झोप उडाली, असे अनेक जण आज या सभागृहात बसलेले असतील. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड'मागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि त्याचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण करून देते. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी झाली. तो लहान मुलांनी पाहण्याजोगा नाही, हे मी स्पष्टपणे सांगते. मोठ्यांनी मात्र तो पाहावा. हस्तर भयंकर आहेच, परंतु पाहून झाल्यावर मनात उरतो तो विनायकाचा लोभ, आणि तो लोभ मुलाच्याही हाती देणारा बाप.

विज्ञानकथेचा रस्ता वेगळा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव घेणारे लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. कृष्णविवराचा 'इंटरस्टेलर' हा इंग्रजी चित्रपट आमची मुले डोळे विस्फारून पाहतात. त्याच्या चाळीस वर्षे आधी मराठीत 'कृष्णविवर' नावाची कथा लिहिली गेली होती, हे त्यांना सांगितले तर त्यांना मराठीचे पुस्तक उघडावेसे वाटेल.

आता मूळ प्रश्नाकडे येते. भीतीची गोष्ट मुलांना अपाय करते का? मला वाटते, अपाय करते ती अफवा. मे २००१ आठवा. गाझियाबादेतून एक बातमी निघाली आणि बघता बघता पूर्व दिल्लीत पसरली : रात्री काळे माकड येते, बोचकारते, गच्च्यांवरून उड्या मारते. उकाड्याचे दिवस होते, वीज जात होती, माणसे गच्चीवर झोपत होती. कोणी ओरडले की सारी गल्ली धावत सुटे. घाबरून पळताना पडून काहींचे प्राण गेले. असे माकड मात्र कधीच कोणाच्या हाती लागले नाही. राकेश ओमप्रकाश मेहरा यांनी पुढे २००९ च्या 'दिल्ली-६'मध्ये हाच प्रसंग वापरला. गोष्टीतले भूत पडद्यावर राहते आणि दिवे लागले की संपते. अफवेतले भूत आपल्यासोबत घरी येते. आज तर कोणीही बसल्या जागी खोटे चित्र, खोटा आवाज तयार करून पाठवू शकतो. अशा काळात गोष्ट आणि बातमी यांतला भेद ओळखणारे मन घडवणे, हे शाळेचे आणि घराचे मिळून काम आहे.

म्हणून पालकहो, सरसकट बंदी घालू नका. वय पाहा, मुलांच्या शेजारी बसून पाहा आणि नंतर दोन प्रश्न विचारा. या गोष्टीतल्या जगाचा नियम कोणता? आणि तो मोडल्याची किंमत कोणी मोजली? सरपोतदारांचाच मराठी चित्रपट 'झोंबिवली' पाहताना पाण्याची टंचाई आणि उंच इमारतींशेजारची वस्ती ज्याला दिसली, त्याला भुतापलीकडचे दिसू लागले असे समजा.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या दिल्लीत, तालकटोरा स्टेडियमवर भरले. अध्यक्षपदी लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर होत्या. आजी-पणजींच्या ओव्या आणि कहाण्या हेही ज्ञानच आहे, हे त्यांनी आयुष्यभराच्या लेखनातून दाखवून दिले. आपल्या घरी अशी एखादी कहाणी असेल, मग ती मुंज्याची असो, वेताळाची असो वा गावच्या विहिरीची, तर ती लिहून शाळेकडे पाठवा. धारप, मतकरी, नारळीकर यांची पुस्तके कपाटात धूळ खात पडली असतील, तर ती ग्रंथालयाला द्या. आम्ही त्यांसाठी एक वेगळे कपाट राखून ठेवू.

आपल्या मुलांनी खुशाल घाबरावे, मात्र मराठीत घाबरावे आणि मग दिवा लावून विचारावे, "हे खरे कशावरून?" एवढे झाले, तरी या शाळेची साठ वर्षे सार्थकी लागली असे मी मानीन.