ऑफिसच्या सोफ्यावर झोपणारा कोच

कोणी लोकलमध्ये असेल, कोणी जिममध्ये, कोणी भांडी घासता घासता ऐकत असेल. पण आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे रात्री अकरा वाजता ऑफिसमधून निघताना इअरफोन कानात घालतायत.

आज एका कोचची गोष्ट सांगायचीय. खेळ आपल्याकडचा नाही. अमेरिकन फुटबॉल. घाबरू नका, नियम माहीत नसले तरी चालेल. लांबट बॉल असतो, तो समोरच्या टीमच्या टोकापर्यंत न्यायचा. बॉल फेकणारा जो मुख्य खेळाडू, तो क्वार्टरबॅक. आणि प्रत्येक चाल आधी आखलेली असते, म्हणून हेड कोचच्या शब्दाला प्रचंड वजन. मॅच साधारण आठवड्याला एक. बाकीचे दिवस तयारी. आता ही तयारी किती करायची? तिला अंतच नाही. कितीही केली तरी थोडी राहिलीच असं वाटतं. आपली गोष्ट इथेच सुरू होते.

कोचचं नाव डिक व्हर्मील. जन्म १९३६ चा, कॅलिफोर्नियातल्या कॅलिस्टोगा नावाच्या छोट्या गावातला. वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. वडील कडक, दिवसरात्र राबणारे. मुलगाही तसाच झाला. सुरुवात केली शाळेच्या टीमपासून, मग कॉलेज, आणि १९६९ मध्ये थेट एनएफएल, म्हणजे तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. पुढे यूसीएलए या विद्यापीठाचे हेड कोच. १९७६ च्या जानेवारीत त्यांच्या टीमने देशात पहिल्या नंबरवर असलेल्या ओहायो स्टेटला हरवलं आणि व्हर्मील हे नाव झालं.

त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना बोलावलं. ही टीम १९६० नंतर एकदाही प्लेऑफमध्ये पोचली नव्हती. व्हर्मील तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्यांनी काय केलं? काम. आणि अजून काम. लांबलचक, अंग मोडणारे सराव. रात्री उशिरापर्यंत मॅचच्या फिल्म बघायच्या, आणि घरी जायचा वेळ वाचावा म्हणून स्टेडियममधल्या ऑफिसातच सोफ्यावर झोपायचं. आठवड्यातल्या कितीतरी रात्री अशा.

आणि गंमत अशी की याचा उपयोग होत होता! पहिल्या वर्षी ४ विजय, १० पराभव. दुसऱ्या वर्षी ५ विजय. मग ९, मग ११, मग १२. जानेवारी १९८१ मध्ये ईगल्स सुपर बोलमध्ये. म्हणजे फायनलमध्ये.

तिथे ऑकलंड रेडर्सकडून २७-१० असे हरले.

आता इथे दोन मिनिटं माझ्याबद्दल बोलतो, कारण त्याशिवाय हा भाग मी का करतोय ते कळणार नाही. मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करायचो. डिलिव्हरीच्या आठवड्यात ऑफिसातल्या बीन बॅगवर झोपायचो. आईचा फोन आला की 'जेवलो' म्हणून सांगायचो आणि समोर बिस्किटाचा पुडा असायचा. खरं सांगू? मला त्याचं दुःख वगैरे नव्हतं. अभिमान होता. सकाळी बाकीचे यायचे तेव्हा मी आधीच तिथे असायचो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते 'अरे, घरी गेलाच नाहीस?' मला मेडलसारखं वाटायचं. म्हणून व्हर्मीलच्या सोफ्याबद्दल वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलंच नाही. उलट वाटलं, हा आपला माणूस आहे.

पण पुढे ऐका.

१९८२ च्या सीझनमध्ये खेळाडूंचा संप झाला. ५७ दिवस. सीझन तुटका झाला, ईगल्सचे जेमतेम ३ विजय. आणि १९८३ च्या जानेवारीत, वयाच्या ४६ व्या वर्षी, व्हर्मीलनी राजीनामा दिला. कारण लपवलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं: बर्नआउट. आज हा शब्द आपण सोमवारी सकाळी चहासोबत वापरतो. तेव्हा, त्या खेळात, जिथे हाड मोडलं तरी 'मी ठीक आहे' म्हणायची पद्धत होती, तिथे एका मोठ्या कोचने 'मी संपलोय' म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती.

मग ते टीव्हीवर कॉमेंट्री करायला लागले. चौदा वर्षं. मधे मधे टीम बोलवायच्या, ते नाही म्हणायचे.

मंडळी, बहुतेक लोक ही गोष्ट अशी सांगतात: माणूस दमला, त्याने ब्रेक घेतला, ताजातवाना होऊन परत आला आणि जिंकला. 'ब्रेक घ्या, सगळं ठीक होईल.' ऐकायला छान आहे. पण तसं झालं नाही!

१९९७ मध्ये सेंट लुईस रॅम्स या टीमने त्यांना आणलं. वय साठ. आणि चौदा वर्षांच्या विश्रांतीनंतर या माणसाने पहिली गोष्ट काय केली? तेच. तेच तीन-तीन तासांचे सराव, तीच घासाघीस. फरक एवढाच की आता समोरचे खेळाडू नव्वदच्या दशकातले होते. पहिल्या वर्षी ५ विजय, ११ पराभव. दुसऱ्या वर्षी ४ विजय, १२ पराभव. खेळाडू उघड कुरकुरायला लागले. सीझन संपेपर्यंत आमचं शरीर उरतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पेपरवाले लिहायला लागले की म्हाताऱ्याचा जमाना गेला.

म्हणजे बघा, ब्रेकने थकवा गेला होता. सवय गेली नव्हती. आणि या वेळी सवयीची किंमत दुसरे लोक मोजत होते.

हे वाचताना मी थांबलो. कारण माझ्याही बाबतीत अगदी हेच झालं. मी ती नोकरी सोडली, तीन महिने गावी राहिलो, परत आलो, आणि चार जणांची टीम हाताखाली मिळाली. मला वाटायचं मी चांगला बॉस आहे. ओरडत नाही, चहा पाजतो. फक्त रात्री दोनला सुचलं की दोनला मेसेज टाकतो. 'सकाळी बघ' असंही लिहायचो बरं का! एक मुलगी सोडून चालली होती. शेवटच्या दिवशी म्हणाली, "दादा, तुम्ही कधी रागावत नाही. पण तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की माझी भूक मरते."

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? ती गेली.

व्हर्मीलचं नशीब एवढंच की त्यांचे लोक सोडून जायच्या आधी बोलले. आणि त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी ऐकलं. १९९९ च्या सीझनसाठी त्यांनी सरावाचे तास कमी केले. अनुभवी खेळाडूंचं म्हणणं मनावर घेतलं. आक्रमणाची सगळी आखणी माइक मार्ट्झ या नव्या सहकाऱ्यावर सोपवली. ६२ वर्षांच्या माणसाने, ज्याची अख्खी ओळखच 'सगळ्यांपेक्षा जास्त काम करणारा' अशी होती, त्याने ती ओळख खाली ठेवली. मला वाटतं, राजीनाम्यापेक्षा हे अवघड होतं.

आणि मग सीझन सुरू व्हायच्या आधीच घात! टीमने मोठ्या आशेने आणलेला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन, सराव सामन्यात त्याचा गुडघा गेला. वर्ष संपलं. व्हर्मील पत्रकारांसमोर आले आणि त्यांचे डोळे भरून आले. तसे ते पटकन रडणारे म्हणून प्रसिद्धच. पण त्याच अवस्थेत त्यांनी सांगितलं की आता आम्ही कर्ट वॉर्नरच्या मागे उभे राहणार आणि चांगलं खेळणार.

कर्ट वॉर्नर कोण? बहुतेकांना नावही माहीत नव्हतं. वय २८. एका टीमने काढून टाकल्यावर हा गडी आयोवातल्या सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलरवर. त्या वर्षी त्याने ४१ टचडाउन पास फेकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रॅम्सचे १३ विजय, ३ पराभव.

३० जानेवारी २०००, अटलांटा. सुपर बोल. समोर टेनेसी टायटन्स. रॅम्स २३-१६ ने पुढे, शेवटचे सहा सेकंद, आणि टायटन्सना फक्त दहा यार्ड हवेत. पास झाला, केव्हिन डायसनने झेलला, तो वळला, हात लांब केला... आणि माइक जोन्सने त्याला धरून पाडलं. एक यार्ड अलीकडे. एक यार्ड म्हणजे तीन फूट हो! तुमच्या टेबलाएवढं अंतर.

व्हर्मील ६३ व्या वर्षी चॅम्पियन. तोपर्यंत एवढ्या वयाचा कोणी कोच सुपर बोल जिंकला नव्हता. दोन दिवसांत निवृत्त झाले. पुढे त्यांनीच बोलून दाखवलं की तेव्हा घाई केली. म्हणजे शहाणपण एकदा आलं की कायमचं येतं, असंही नाही. २००१ मध्ये ते परत आले, कॅन्सस सिटी चीफ्सकडे, पाच वर्षांसाठी. आणि तिथे क्वार्टरबॅक म्हणून कोणाला आणलं? ट्रेंट ग्रीनला. तोच, ज्याचा गुडघा गेला होता.

प्लेऑफ सोडून त्यांचा एकूण हिशोब १२० विजय, १०९ पराभव. फार ग्रेट आकडा नाही. तरीही २०२२ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

मी काय बदललं? फार नाही. रात्री नऊनंतर सुचलेलं वहीत लिहितो, सकाळी पाठवतो. निम्म्या वेळा सकाळी वाचल्यावर कळतं की ते पाठवण्यासारखं नव्हतंच. आणि दर महिन्याला टीममधल्या एकेकाला विचारतो, "माझ्यामुळे काय त्रास होतो?" पहिल्यांदा सगळे "काही नाही दादा" म्हणाले. तिसऱ्या महिन्यात एकाने सांगितलं. ऐकताना कान गरम झाले, पण ऐकलं.

तुम्ही स्वतः दमला असाल तर तुमचं तुम्हाला कळेल. पण तुमच्यामुळे कोण दमलंय, हे विचारल्याशिवाय कळत नाही. या आठवड्यात एकाला विचारून बघा. आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.

चला, भेटू पुढच्या भागात. ऑफिसमध्ये असाल तर आता घरी जा. काळजी घ्या!