माहेर नसलेलं बाळंतपण

(सास्तूर इथल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला विषय दिला आहे, 'शहरातली बोलकी बाई आई होते तेव्हा'. चिठ्ठी वाचली आणि हसू आलं. बोलकी हा शब्द मला मुंबईत मिळाला. इथं सास्तूरला असताना माझ्यासाठी तोंडाळ हाच शब्द होता. आमच्या आजीचं म्हणणं असं की, हिला सासरी कोण नांदवणार? नांदवलं, पण मुंबईत. १९९० साली लग्न होऊन मी परळला चाळीत गेले. एक खोली, त्यात नवरा, सासू, दीर आणि मी. फोर्टातल्या एका खाजगी ऑफिसात कारकुनी. आणि संध्याकाळी आमचा बायकांचा गट.

त्या गटाने मला बोलायला शिकवलं असं मी म्हणणार नाही, बोलत होतेच. पण कुठं बोलायचं ते तिथं कळलं. मथुरा प्रकरणाच्या निकालाविरुद्ध १९८० साली उठलेल्या बायका आम्हाला थोरल्या बहिणींसारख्या होत्या. गर्भलिंगचाचणीविरुद्ध मुंबईत मोठी मोहीम झाली होती आणि त्यातून १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला होता. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गाजत होतं. आम्हीही आमची पथनाट्यं घेऊन चौकात उभ्या राहायचो. माझं एक ठरलेलं भाषण असायचं: आईपण हे बाईचं नशीब नव्हे, तिची निवड आहे, आणि मूल नसलेली बाई अपुरी नसते. आजही मी हेच म्हणते. पण तेव्हा ते म्हणताना माझ्या पोटात काही तुटत नव्हतं, एवढाच फरक.

१९९३ च्या उन्हाळ्यात मला दिवस गेले. मला मूल हवं होतं. गटात सांगितलं तर एक मैत्रीण पटकन म्हणाली, "तूसुद्धा?" थट्टाच होती, पण लागली. आणि सासूबाई म्हणाल्या, "आता तरी घरात बसशील." दोन्हीकडे समजूत एकच होती की आता हिचं बोलणं संपलं.

ऑफिसात तर गंमतच. बाळंतपणाची रजा तेव्हा १२ आठवडे, १९६१ च्या कायद्याने. त्यातली बाळंतपणाआधी ६ आठवड्यांपर्यंत घेता यायची. ही रजा कुणाची मेहेरबानी नव्हे. मुंबई इलाख्यात असा पहिला कायदा १९२९ साली झाला, आणि त्याआधी १९२८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात उभं राहून सांगितलं होतं की बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. गिरणीतल्या बायकांसाठी झालेली ही लढाई. पण आमच्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "परत येणार आहात की जाणार?" मी कायद्याचं पुस्तकच टेबलावर ठेवलं. रजा मिळाली. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी. मी तीही मागितली, मिळालीही. पण लेकरू परळला आणि ऑफिस फोर्टात! सुट्टी घेऊन मी काय करायचे? बाथरूममध्ये दार लावून दूध पिळून मोरीत सोडायचे. कायदा करणाऱ्यांना पाळणाघर सुचायला २०१७ साल उजाडलं, तेही ५० आणि त्याहून जास्त माणसं असतील अशा ठिकाणीच. आणि शेतात रोजाने जाणाऱ्या बाईला तर त्यातलं काहीच नाही.

पण हे सगळं नंतरचं. आधी माहेरचं सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं. एरवी मी रूढींविरुद्ध बोलायची, पण ही रूढी मला फार आवडायची. आईच्या हातचं तेलपाणी, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, आणि तीन महिने कुणाचंही ऐकायचं नाही. दिवाळी माहेरीच करायची म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीटसुद्धा काढलं होतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. पुढं काय झालं ते या मंडपात मी कुणाला सांगू? सरकारी आकडाही आठ हजारांच्या घरात जातो. आपली घरं दगडमातीची, हातभर रुंद भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून आपण त्यांचं कौतुक करायचो. त्या भिंतींनीच माणसं मारली. शेतात राखणीला झोपलेले वाचले. माझा भाऊ वाचला तो असा.

आमच्या घरातले तीन गेले. वडील, आणि भावाची दोन लेकरं, सहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. आईचा पाय मोडला, तिला सोलापूरला नेलं. भावजय ढिगाऱ्यातून निघाली, अंगावर फारशी जखम नव्हती.

मी सातव्या महिन्यात. सासूबाई म्हणाल्या, गरवार बाईने मढ्याच्या गावी जाऊ नये. मी गेले. सोलापूरपर्यंत रेल्वेने, तिथून मदत घेऊन निघालेल्या एका जीपमध्ये. पाऊस लागला होता. गाव ओळखू येत नव्हतं. आमची गल्ली कुठली ते मला एका कडुनिंबावरून कळलं. भावजय शाळेकडच्या बाजूला गोणपाटावर बसली होती. तिने माझ्या पोटाकडे बघितलं आणि मान फिरवली. मी, जी शंभर माणसांपुढं बिनलिहिलेलं बोलायची, तिला एक शब्द बोलू शकले नाही.

डिसेंबरात मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात बाळंत झाले. त्या रात्रीचं मी पुष्कळ वर्षं कुठं बोलले नाही. कळा सुरू झाल्या, मी ओरडले, तेव्हा तिथल्या बाईने जे वाक्य ऐकवलं ते इथल्या निम्म्याअधिक बायांनी कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात ऐकलेलं असेल. 'तेव्हा बरं ओरडली नाहीस', हेच ते. मांडीवर चापटही मारली. मैत्रिणींनो, मी याच विषयावर भाषणं दिलेली होती! रुग्णाचे हक्क, बाईची प्रतिष्ठा. तिथं मला माझं नावसुद्धा धड सांगता येईना. नागवं करून टेबलावर झोपवलेल्या बाईला भाषण येत नाही. बोलली ती शेजारच्या खाटेवरची कोळीण. तिचं चौथं बाळंतपण होतं. तिने त्या बाईला अशा शिव्या घातल्या की खोली शांत झाली. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं असं नव्हे, तिला भीती वाटत नव्हती. पहिलटकरीण आणि चौथेपणाची बाई यांत हा फरक असतो. म्हणून प्रसूतीच्या खोलीत ओळखीची एक बाई सोबत हवी, ही मागणी मी तेव्हापासून धरली आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत अशा सोबतिणीला परवानगी दिली, पुढच्या वर्षी 'लक्ष्य' कार्यक्रम आला. आता आपल्या सास्तूरला स्पर्श रुग्णालय आहे. तुमच्या सुनेच्या वेळी ही सोबत मागून घ्या, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

पहाटे सांगितलं, "मुलगीच झाली." त्या 'च'वर आम्ही पथनाट्यात एक अख्खा प्रसंग बसवला होता.

आई सोलापूरला प्लॅस्टरमध्ये. म्हणून माझ्या बाळंतपणाला कोण आलं, तर भावजय. भावाने आणून सोडली. आईनेच पाठवलं म्हणे, 'हिला इथं पत्र्याच्या शेडात बसवून काय करू, तिथं हाताला काम राहील.' आईच्या त्या निर्णयावर मी आजही विचार करते. निर्दयी होता की शहाणा, मला ठरवता येत नाही.

आता जे सांगणार आहे ते भावजयीला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, सांगा, फक्त नाव घेऊ नका.

ती आली, हातपाय धुतले, आणि बाळाला घ्यायला हात पुढं केले. आणि मी बाळाला छातीशी ओढलं. क्षणभरच. जिची दोन्ही लेकरं गेली तिच्या हातात माझं लेकरू नको, असं काहीतरी माझ्या आतून उठलं. मी अंधश्रद्धेवर बोलणारी, पाचवीला सटवाई पूजायला नको म्हणून सासूशी भांडलेली! तिने ते बघितलं. काही बोलली नाही. हात मागं घेतले आणि चूल, म्हणजे स्टोव्ह, पेटवायला गेली. रात्री मीच बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. मी तुमच्या जागी आसती तर मी बी तसंच केलं आसतं." त्यानंतर दोन महिने तिने माझ्या मुलीला न्हाऊमाखू घातलं. लेकीला टाळू भरायची, पाय ओढायची, आणि गाणं मात्र एकदाही म्हटलं नाही.

तिचं ऑपरेशन झालेलं होतं. दोन लेकरांवर, विसाव्या वर्षी, आपल्याकडे होतं तसं. भूकंपानंतर अशा किती बाया होत्या ते तुम्हाला माहीत आहे. लेकरं गेली आणि नस बांधलेली. तेव्हा सरकारने नस पुन्हा जोडून देण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. एका रात्री ती म्हणाली, मला ते करायचंय.

आणि इथं माझं तोंड सुटलं. मी तिला समजावलं. नस कशी बांधली त्यावर यश ठरतं. रिंग घातली असेल तर बरं, कापून बांधली असेल तर अवघड. जोडल्यावर गर्भ नळीतच राहायचा धोका वाढतो, त्यात जीव जाऊ शकतो. हे सगळं खरं होतं. पण मी तिथं थांबले नाही. म्हणाले, हे तुला हवंय की घरच्यांना? दोन महिन्यांपूर्वी लेकरं गेलीत, दुःख तरी कर आधी. आईपणाशिवाय बाईला आयुष्य नाही असं कुणी सांगितलं?

ती बाळाचे दुपटे घडी करत होती. म्हणाली, "आक्का, तुमी भाषणात म्हणताव ते खरं आसंल. पर मांडीवर लेकरू घिऊन म्हणू नका."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. निवड निवड आम्ही म्हणत होतो, पण निवडीत 'हो' म्हणण्याचाही हक्क असतो हे आमच्या घोषणांत बसत नव्हतं. आणि तिचं 'हो' किती तिचं, किती भावकीचं, हे तरी वेगळं कसं काढायचं? तिलाही काढता येत नव्हतं. गटात मी हा प्रश्न मांडला. दोन बैठका वाद झाला, निष्पन्न काही नाही. शिवाय बैठका संध्याकाळी सातला. बाळ झाल्यावर ती वेळ माझ्यासाठी बदलावी असं कुणाला वाटलं नाही, आणि मी, बोलकी, ते मागायला लाजले. सहा महिन्यांनी एकीने आपणहून म्हटलं, रविवारी दुपारी बसू आणि पोरांना घेऊन या. तेव्हा कळलं की आणखी तिघी याच कारणाने येईनाशा झाल्या होत्या.

शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षं वाट बघितली. दिवस गेले नाहीत.

मग भावकी बसली, भावाचं दुसरं लग्न करायला. मला कळलं तशी मी मुलीला कडेवर घेऊन आले आणि त्या बैठकीत शिरले. पहिली बायको असताना दुसरं लग्न बेकायदेशीर आहे, पोलिसांत देईन, असं काय काय बोलले. बरोबरच होतं सगळं. लग्न मोडलं. मी विजयी मुद्रेने भावजयीकडे गेले तर ती संतापलेली. म्हणाली, "तुमी उद्या गाडीत बसून जाचाल. हितं पाणी आणायला मला जायाचंय." ती स्वतः भावाशी बोलत होती, महिनाभर, आणि तो वळत आला होता. माझ्यामुळं तो हट्टाला पेटला. पुढं सहा महिने तिने काय सोसलं ते तिने मला सांगितलेलं नाही. लग्न त्याने केलं नाही, पण त्याचं श्रेय माझं नाही.

या काळात आजूबाजूच्या गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम चालू होता. गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमत होते, स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि प्रेमा गोपालन त्यात पुढं होत्या. लोकांना मजबूत घर कसं बांधायचं ते समजावून सांगायचं, हप्ते कुठं अडले ते बघायचं. भावजय त्यात गेली. सातवी शिकलेली बाई, गवंड्याला उभं करून विचारायची की कोपऱ्यात सळई का नाही घातली. माझ्या आजीने ऐकलं असतं तर तिलाही तोंडाळच म्हटलं असतं.

माझी मुलगी आता तिशीपार आहे. पुण्यात नोकरी करते, गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. रजा तिला २६ आठवडे मिळाली. परत गेली तर तिचं काम दुसऱ्याला दिलेलं. तिने लेखी विचारणा केली आहे, उत्तराची वाट बघते आहे. बाळंतपणाला तिने कुणाला बोलवावं? मला नाही. मामीला. मामी गेली, खोलीतही तीच सोबत होती. मी बाहेर बाकावर बसले होते.

ती मामी आज इथं मागच्या रांगेत आहे. मला सांगून ठेवलंय की जास्त बोलू नका, बायांना चारच्या एसटीने जायचंय. तेव्हा आता चहा घेऊ आणि गटात बसू. दवाखान्यात ज्यांना कुणी काही बोललं असेल, त्यांनी आज ते तोंडाने सांगा, लिहून घ्यायला आम्ही दोघी आहोत.