माप का हलते?

जुना बेंच लेथ घ्यायचा, त्याची हँडलं काढून तिथे स्टेपर मोटरी बसवायच्या आणि कोपऱ्यात पडलेल्या संगणकावरून तो चालवायचा, हा नाद आता बऱ्याच जणांना लागला आहे. छोटे वर्कशॉपवाले तो गरजेपोटी करतात, निवृत्त मंडळी हौसेपोटी. मशीन पहिल्यांदा हलते तेव्हा घरात पेढे येतात. पुढे थोड्याच दिवसांत एक ठरावीक तक्रार ऐकू येते. एकाच प्रोग्रॅमवर दहा पिना काढल्या, व्यास २० मिलिमीटर हवा होता. एक पिन २०.०२ ची आली, दुसरी १९.९७ ची, तिसरी अगदी बरोबर. आज बोलायचे आहे ते या हलणाऱ्या मापाबद्दल. आकडे बरेच येतील, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असलेली बरी.

दहाही पिना २०.०५ च्या आल्या असत्या, तर काळजीचे कारण नव्हते. टूलचा ऑफसेट पाच शतांशांनी बदलायचा आणि चहाला जायचे. खरा त्रास दर वेळी वेगळी येणारी चूक देते. आणि नेमके अशा वेळी लोक सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. दर मिलिमीटरला किती पल्स, हा आकडाच बदलतात, बॅकलॅशची भरपाई वाढवतात, कमी करतात. माझे स्पष्ट मत आहे की कारण हाती लागेपर्यंत संगणकातल्या एकाही आकड्याला हात लावू नये. सुटा ढिलेपणा आकड्याने भरून निघत नाही, उलट दोन चुकांची सरमिसळ होऊन मूळ चूक दिसेनाशी होते.

याचे कारण अशा मशीनच्या रचनेतच आहे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले, त्यात टेबल कुठवर सरकले हे उलट कळवण्याची सोय होती. कारखान्यातल्या आजच्या सर्व्हो मशीनमध्येही एन्कोडर असतो. आपल्या साध्या स्टेपरला तो नसतो. संगणक पल्स पाठवतो आणि काम झाले असे धरून चालतो. मोटर अडकली, कपलिंग घसरले, नटात प्ले आला, यातले त्याला काहीच कळत नाही. पडद्यावर दिसतो तो हुकूम. स्लाइड खरोखर कुठे आहे ते विचारायचे डायलला. हेन्री मॉड्स्ले या इंग्रज कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक मायक्रोमीटर बनवला होता आणि त्याच्या वर्कशॉपमध्ये त्या मायक्रोमीटरला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत. मापाचा तंटा निघाला की निवाडा तिथे. आपल्याकडे ते काम शतांश मिलिमीटरच्या डायलने भागते. मात्र त्याचा चुंबकी पाया लेथच्या बेडवर हवा, खालच्या पत्र्याच्या ट्रेवर नको, आणि डायलचे टोक टूलच्या शक्य तितके जवळ टेकवायला हवे.

आता थोडे गणित. साध्या स्टेपरची एका फेऱ्यात २०० पावले असतात. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ तुकडे करत असेल, तर १,६०० पल्स. स्क्रूची पिच ५ मिलिमीटर आणि मोटर थेट जोडलेली, म्हणजे एका पल्सला सुमारे ३ मायक्रॉन. क्रॉस स्लाइड ३ मायक्रॉन सरकली की व्यासात ६ चा फरक पडतो, हे लेथवाल्याला सांगायला नको.

या मोटरच्या रोटरला ५० दात असतात. भार पेलला नाही आणि मोटरची लय तुटली, की रोटर मधेच कुठेतरी थांबत नाही. तो एक दात सोडून पुढच्या दातावर बसतो, म्हणजे पुरी चार पावले चुकतात. आपल्या स्क्रूवर ही सरक ०.१ मिलिमीटर, व्यासात ०.२. म्हणून मोटरने पावले गमावली असतील तर स्लाइडची चूक ०.१ च्या पटीत येईल: ०.१, ०.२, ०.३. तसे दिसले तर वेग आणि त्वरण कमी करा, पॉवर सप्लायचे व्होल्टेज तपासा, कारण वेग वाढला की स्टेपरचा जोर घटतो. आपल्या पिनांची चूक मात्र दोन-तीन शतांशांची होती. तिचे खापर सुटलेल्या पावलांवर फोडता येत नाही. आणि लोक पहिल्यांदा नवी मोटर घ्यायला धावतात!

दुसरा एक प्रकार फार फसवा. चूक हळूहळू एकाच बाजूला वाढत जाते, सकाळी शून्य आणि दुपारी अर्धा मिलिमीटर. ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या काही मायक्रोसेकंद आधी मिळावा लागतो. तो उशिरा पोचला, तर दिशा बदलल्यावरची पहिली पल्स जुन्याच दिशेने मोजली जाते. जायचे होते उजवीकडे, गेलो डावीकडे, म्हणजे दोन पल्सांची तूट. ही तूट परतताना भरून निघाली असती, पण ड्रायव्हरच्या तोंडाशी असलेला ऑप्टोकपलर लागायला आणि बंद व्हायला सारखा वेळ घेत नाही, त्यामुळे बऱ्याचदा ती एकाच वळणावर पडते आणि साठत जाते. शंभर येरझाऱ्यांत ०.६ मिलिमीटर. हे ओळखायचे कसे? टूल हवेत ठेवून डायल शून्यावर लावा आणि स्लाइडला २० मिलिमीटर पुढे-मागे शंभर वेळा पळवा. मग अंतर दुप्पट करून तेवढ्याच येरझाऱ्या घाला. चूक तेवढीच राहिली तर ती अंतराची नसून वळणांची आहे. दिशेसाठी द्यायचा वेळ वाढवा किंवा पल्सची बाजू उलटी करा; खर्च काहीच नाही.

हीच चाचणी एकदा स्पिंडल बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून करा. स्पिंडल चालू असतानाच माप बिघडत असेल तर व्हीएफडीचा, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हचा, विद्युत गोंगाट पल्सच्या तारांत शिरतो आहे. शील्डची तार वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि मोटरच्या तारा सिग्नलपासून लांब न्या.

यातून सुटलात की पाना घ्या. कपलिंग आणि स्क्रूच्या शाफ्टवर मिळून मार्करची एक रेघ ओढा. तुटली तर ग्रब स्क्रू घसरतो आहे. मग डायल स्क्रूच्या टोकावर टेकवा आणि कॅरेज हाताने ढकला. काटा हलला तर स्क्रूच बेअरिंगमध्ये पुढे-मागे होतो आहे. घरगुती मशीनमध्ये हे सर्रास आढळते, कारण तिथे साधे बॉल बेअरिंग बसवलेले असते. अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी प्रीलोड देऊन बसवायला हवी. हे न करता महागडा बॉल स्क्रू घालणे म्हणजे मोडक्या बिजागरीला पितळी कडी लावणे.

गिबचा, म्हणजे स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचा, मामला सगळ्यात रंगतदार. जुन्या लेथचा बेड चकाजवळ झिजलेला असतो, कारण कामे सगळी तिथेच होतात. तिथे गिब नीट बसवली की टेलस्टॉककडे कॅरेज जड होते. तिकडे हलकी केली की चकाजवळ डुलते. क्रॉस स्लाइडलाही हाच न्याय. जड स्लाइड ओळखायला एक शतांशाचे एकेक पाऊल द्या आणि डायलकडे बघत राहा. एक, दोन, काटा गप्प, आणि तिसऱ्या पावलाला एकदम तीन शतांशांची उडी. तुमच्या पिनांचा फरक बहुतेक इथेच सापडेल. गिब थोडी सैल करा, स्लाइडवेचे तेल घाला, मशीनचे नव्हे, आणि उडी मोडते का ते पाहा.

उष्णतेचेही ऐका. ३०० मिलिमीटरचा पोलादी स्क्रू १० अंशांनी तापला की सुमारे ३५ मायक्रॉन लांबतो. ५० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब कटमधून ३० अंशांनी तापून निघाला, तर तोही तेवढाच फुगतो. तसाच मोजला आणि ऑफसेट बदलला, की पुढचा जॉब बिघडलाच म्हणा. रोज सकाळी माप सरकते आणि दिवसभर ठीक राहते, असे असेल तर मात्र दोष उष्णतेला देण्याआधी होमच्या स्विचवर, म्हणजे मशीन सुरू करताना शून्य जागा ठरवणाऱ्या स्विचवर, चिप्स साचल्या आहेत का ते बघा.

आता काही जण विचारतील की एन्कोडरची मोटर घेतली तर हे सगळे टळेल ना? सुटलेली पावले टळतील. पण तो एन्कोडर मोटरच्या मागे असतो. बेअरिंग, नट, गिब त्याच्या पुढे असतात, आणि तिथे काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून पैसे आधी बेअरिंगवर खर्चा. मग एकाच जागी दोन दिशांकडून येऊन मोजलेला बॅकलॅश पाच-सहा वेळा सारखाच आला, की तो आकडा संगणकाला द्या.