लाल दिवा आणि प्रमाद

(व्याख्यानाचे शब्दांकन)



३ जून २०१४ ची सकाळ मराठवाडा विसरलेला नाही. शेजारच्या बीड जिल्ह्याचे सुपुत्र, केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथराव मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाल्याची वार्ता आली आणि परळीपासून परभणीपर्यंत बाजारपेठा स्तब्ध झाल्या. मंत्रिपदाची शपथ त्यांनी २६ मे रोजी घेतली होती. म्हणजे आठच दिवस झाले होते. जिल्ह्यात सत्काराची तयारी सुरू होती, त्यासाठीच ते पहाटे विमानतळाकडे निघाले होते. साडेसहाच्या सुमारास पृथ्वीराज मार्ग व तुघलक मार्गाजवळच्या चौकात एक इंडिका मोटार त्यांच्या गाडीवर बाजूने आदळली. त्यांना तातडीने 'एम्स'च्या ट्रॉमा केंद्रात नेण्यात आले. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. परंतु मानेच्या मणक्याला आणि यकृताला प्राणघातक इजा झाली होती. तासाभरातच त्यांना मृत घोषित करण्यात आले. दुसऱ्या दिवशी परळीत त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा लोटलेला जनसागर अनेकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे.

त्या इंडिकाच्या चालकाने लाल दिवा ओलांडला, असा पोलिसांचा आरोप होता. घातपाताची शंका लोकांनी बोलून दाखविली, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि घातपात नसल्याचा निष्कर्ष निघाला. खरे तर या निष्कर्षाने मन अधिकच विषण्ण होते. एवढा मोठा नेता जाण्यास कोणी वैरी लागला नाही, कोणाचा द्वेष लागला नाही. पहाटेचा मोकळा रस्ता आणि क्षणाची बेफिकिरी एवढे पुरेसे झाले.

मराठीत 'सिग्नल तोडणे' असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. भाषेने येथे नेमके बोट ठेवले आहे. चौकातला दिवा हा चार दिशांनी येणाऱ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी केलेला मूक करार असतो. ज्याच्यासमोर हिरवा दिवा आहे तो निर्धास्तपणे पुढे जातो, कारण दुसरा थांबलेला असेल यावर त्याचा विश्वास असतो. दिवा तोडणारा हा विश्वास तोडतो. आणि त्याची किंमत पुष्कळदा तो स्वतः नव्हे, तर नियम पाळणारा चुकवितो. रस्त्यावरील इतर अनेक चुकांपेक्षा ही चूक वेगळी ठरते ती यामुळे.

यामागचे शास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोरचे संकट डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद सरतो आणि त्यानंतर गाडी थांबायला आणखी अंतर लागते. कोरड्या रस्त्यावरही एकूण चाळीस मीटर सहज होतात. चौकाची रुंदी त्याहून कमी असते. शिवाय चौकातील धडक बहुधा बाजूने बसते. समोरून टक्कर झाली तर इंजिनाचा भाग चेपून आघात काही अंशी शोषला जातो. बाजूला मात्र माणूस आणि येणारे वाहन यांच्यामध्ये दरवाजाचा पत्रा तेवढा असतो. दुचाकीस्वाराला तर तोही नसतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हा शाळेत शिकविलेला नियम चौकात कोणालाही सवलत देत नाही.

पिवळ्या दिव्याविषयीचा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. पिवळा दिवा म्हणजे 'थांबा'. सुरक्षितपणे थांबता येणार नाही इतकी गाडी रेषेच्या जवळ आलेली असेल तरच पुढे जाण्याची मुभा आहे. प्रत्यक्षात पिवळा दिसताच वेग वाढविला जातो आणि त्याच वेळी आडव्या रस्त्यावरचा उतावीळ चालक हिरव्याची वाट न पाहता पुढे सरकत असतो. दोघेही मिनिटभर वाचविण्याच्या घाईत असतात.

रेल्वेचे उदाहरण येथे बोलके आहे. मानवत रोड स्थानकावर लाल सिग्नलपाशी थांबलेली गाडी सर्वांनी पाहिली आहे. मध्यरात्र असो, पुढचा मार्ग मोकळा दिसो, इंजिनचालक परवानगीवाचून तो सिग्नल ओलांडत नाही. ओलांडला तर रेल्वेत तो अत्यंत गंभीर अपराध मानला जातो. रस्त्यावरचा लाल रंग हा रेल्वेकडूनच आलेला आहे. लंडनमध्ये १८६८ साली संसदेजवळ पहिला वाहतूक दिवा उभारला गेला, तो रेल्वेच्या सिग्नलच्या धर्तीवर. रंग घेतला, शिस्त मात्र पुरती घेतली गेली नाही!

या विषयाचा धर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मुख्य स्थान दिले आहे. प्रमत्त अवस्थेतून होणारा प्राणघात ती हिंसा, असा त्याचा आशय. मारण्याचा हेतू नव्हता, एवढ्याने दोष टळत नाही. सावधानता सुटली तेथेच हिंसेचे बीज पडते. पुढच्या आचार्यांनी तर याहून सूक्ष्म विचार केला: जीव मरो वा न मरो, प्रमत्ताच्या ठिकाणी हिंसा आहेच. या कसोटीवर सिग्नल तोडून सुखरूप पलीकडे गेलेला माणूस निर्दोष ठरत नाही. कोणी आडवे आले नाही हा त्याचा योगायोग होता, पुण्याई नव्हे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून दिवसा चार हात भूमी पाहून चालणारी ईर्यासमिती ज्या परंपरेने सांगितली, त्या परंपरेतला गृहस्थ व्यापाराच्या घाईत लाल दिव्याकडे डोळेझाक करतो, ही विसंगती शोभणारी नाही.

मानवतला सिग्नलशी रोज गाठ पडत नाही, हे खरे. परंतु कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग गावाला लागूनच जातो. कापसाच्या हंगामात भरलेली वाहने, उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना परावर्तक पट्टी. येथे दिवा नाही म्हणून शिस्तही नाही, ही सवय घेऊन येथील मुले शिक्षणासाठी पुणे आणि संभाजीनगरला जातात. गावात लागलेले वळण शहराच्या चौकात उघडे पडते. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. मानवत तालुक्याच्या सगळ्या गावांची वस्ती एकत्र केली तरी हा आकडा भरणार नाही.

कायदाही आता कठोर झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक चालन ठरते. पहिल्या अपराधाला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलाच्या हाती गाडीची किल्ली ठेवणाऱ्या वडिलांनी हे कलम आधी वाचलेले बरे. मुंडेसाहेबांच्या अपघातानंतर तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मागच्या आसनावरील पट्ट्याविषयीच्या अनास्थेवर बोट ठेवले होते. तरीही ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या आसनावर पट्ट्याविनाच होते.

समाजाला विशेष जिव्हाळ्याचा प्रश्न साधु-साध्वींच्या विहाराचा. जेसलमेरच्या प्राचीन ग्रंथभांडाराचे जतन करणारे, द्वादशार नयचक्राचे संपादक मुनिश्री जंबूविजयजी महाराज यांचा १२ नोव्हेंबर २००९ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात विहारात असताना वाहनाच्या धडकेने अंत झाला. वयाची ऐंशी उलटल्यावरही ते पायी चालत होते. असे अपघात त्यानंतरही घडत आले आहेत. विहार बहुधा पहाटे सुरू होतो. मुंडेसाहेबांचा अपघातही सकाळच्या त्याच निर्मनुष्य वेळचा. रात्रभर गाडी हाकलेल्या चालकाचे डोळे तेव्हा मिटू लागलेले असतात आणि रिकामा रस्ता त्याला भुलवितो. म्हणून विहारसेवेतील तरुणांनी चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे घालून पुढे-मागे चालावे, येणारी वाहने समोरून दिसतील अशा उजव्या कडेने संघ न्यावा, धुक्यात सूर्य वर येईपर्यंत थांबण्याची विनंती महाराजसाहेबांना करावी. अपघात झालाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पोलिसांच्या भीतीने कोणी मागे सरू नये. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ मध्ये ते संरक्षण कायद्यातच आले. जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत आणि त्याला अडकवूनही ठेवता येत नाही.